पंचवीस पूर्णांक सहा

—नको, तो चंबू खाली ठेवा बाई, आधी माझं ऐकून घ्या, आणि आता जे सांगणार आहे ते शब्द न् शब्द खरं आहे, हवं तर या कॉस्टिक सोड्याच्या बरणीवर हात ठेवून सांगतो—झाकणावर, आत नाही—की चोवीस वर्षांच्या नोकरीत मी या प्रयोगशाळेत एकदाही खोटं बोललेलो नाही. म्हणजे एकदा बोललो, तराजू पडला तेव्हा, पण तराजूला तोंड नसतं, माझी बाजू मलाच मांडावी लागली. आणि हेडबाईंना रजेची कारणं देतो ती वेगळी, ती बाहेर जिन्यात देतो, प्रयोगशाळेत नाही. आणि चोवीस पण नव्हेत, बावीस, मधली दोन वर्षं मला वाचनालयात टाकलं होतं, तिथे पुस्तकांवर धूळ बसायची आणि मी खुर्चीवर. पण हे खरं आहे. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे, या. मधली सुट्टी संपायला वीस-बावीस मिनिटं आहेत, पोरं डबे खातायत, तेवढ्यात होतं सांगून.

मला आधी सांगा, ब्युरेटच्या, या तोटीवाल्या मोजनळीच्या, स्टँडला ही चिठ्ठी कुणी चिकटवली? चिकटवली तुम्ही, ते दिसतंय, पण अक्षर सरांचं आहे, हा सहाचा आकडा बघा, शेपूट वर करून पळत सुटलेल्या मांजरासारखा, असा सहा जगात दुसरा कुणी काढत नाही. पंचवीस पूर्णांक सहा मिली. आज सकाळीच दिला ना? आणि म्हणाले असतील, उगीच चाचणी करत बसू नकोस, द्रावणं तोच बाबा बनवतो, त्याचं माप बदलत नाही, माझा आकडा बदलत नाही, मी त्यावर वर्षानुवर्षं प्यायलोय. आणि आता तासाला येऊन पहिल्या बाकावर बसणार, आपली मुलगी आपल्याच टेबलामागे उभी राहून आपलाच प्रयोग करते ते बघायला. वडिलांना नाही म्हणवत नाही, कळतं मला. पण बाई, हा आकडा चुकीचा आहे. तुम्ही त्या आकड्यापर्यंत कॉस्टिक सोडलंत आणि त्यातला घोट घेतलात तर जीभ भाजेल. झालं, सांगितलं. आता ती चिठ्ठी काढा, मी बीकर धुवायला घेतो.

का चुकीचा?—हे बघा, हेच मला नको होतं.

बरं. सरांचा प्रयोग तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही बघितलाय, पण तुम्ही बाकावरून बघितलात, मी या बाजूने. दरवर्षी नववीचं पहिलं प्रात्यक्षिक. इकडे चंबूत मीठ-आम्ल, तिकडे ब्युरेटमध्ये कॉस्टिक. सर आधी आम्लात लोखंडी खिळा टाकायचे, खिळा फसफसायला लागला की पोरं पुढे सरकायची. मग कॉस्टिकमध्ये कोंबडीचं पीस टाकायचे, पीस विरघळून लापशी झाली की पोरं मागे सरकायची. आणि मग सर म्हणायचे, हे दोघे असे आहेत, एक लोखंड खातो आणि दुसरा कातडी खातो, आता यांची गाठ घालून देतो आणि जे होईल ते तुमच्यासमोर पितो. मागच्या बाकावरचे पैजा लावायचे. सर तोटी सोडायचे, थेंब, थेंब, थेंब, चंबू हलवत राहायचे, आकडा आला की तोटी बंद. मग फळ्याकडे वळून लिहायचे—आम्ल अधिक अल्क बरोबर मीठ अधिक पाणी—आणि मग वळून तो चंबू तोंडाला लावून घटाघट. सगळा. म्हणजे सगळा नाही, अर्धा. म्हणजे घोटभरच घ्यायचे, पण असे घ्यायचे की वाटावं सगळा संपला. आणि मिशीवरून हात फिरवून एकच शब्द, ‘खारट.’ चाळीस पोरं टाळ्या वाजवायची. एरवी या शाळेत टाळ्या फक्त हेडबाईंचं भाषण संपलं म्हणून वाजतात.

आता यात सगळी मेख मोजण्यात. तुम्ही शिकलेल्या आहात, मी फक्त बाटल्या भरतो, पण बाटल्या भरूनसुद्धा एवढं कळतं—आम्ल जरा उरलं तरी ते आम्लच, कॉस्टिक जरा उरलं तरी कॉस्टिकच, दोघांचं अगदी बरोबरीने मिटलं तरच मीठ. आमच्याकडे थोरला भाऊ आणि मी वाटणीला बसलो तेव्हा कुणाचं काही उरलं नाही, आणि तेव्हापासून आम्ही एकमेकांना मिठासारखे, जेवणापुरते. असो. आणि सरांना पातळ द्रावण चालायचं नाही, पातळ केलं तर खारटपणा जिभेला लागत नाही, मग ‘खारट’ म्हणण्यात नाटकच उरतं. म्हणून कडक. आणि कडक म्हटलं की मिलीभर इकडे-तिकडे झालं तरी चालत नाही.

तर सर सकाळी लवकर यायचे आणि चाचणी करायचे. चंबूत ते गुलाबी थेंब टाकून—त्याचं खरं नाव मला बावीस वर्षांत एकदाही धड उच्चारता आलेलं नाही, नावातच दोन दात पडतात—कॉस्टिक सोडत जायचे, आणि पाणी गुलाबी राहिलं की त्या क्षणी ब्युरेट वाचायचं, आकडा चिठ्ठीवर. मग वर्गात तेवढंच कॉस्टिक, पण गुलाबी थेंबांशिवाय. का थेंबांशिवाय? कारण पहिल्या वर्षी थेंब घालून प्यायले होते. ते थेंब म्हणजे काय, पूर्वी पोट साफ व्हायच्या गोळ्यांत तेच घालायचे. त्या दिवशी सरांनी उरलेले तिन्ही तास खिडकीतून घेतले. म्हणजे—वर्गातून निघून जायचे आणि परत येताना खिडकीतून म्हणायचे, उतारा क्रमांक चार लिहून घ्या. हे खरं आहे. उतारा पाच असेल.

हसताय? हसा. आता पुढचं ऐकून हसणार नाही तुम्ही. किती वाजले? दहा मिनिटं गेली. मग लवकर सांगतो.

तुमचं नववीचं वर्ष. दोन वेण्या, पहिला बाक, हात कायम वर. सरांनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, यंदा तोटी ती सोडणार. मी म्हटलं, कोण ती? म्हणाले, आहे एक विद्यार्थिनी. घरातल्या मुलीला शाळेत विद्यार्थिनी म्हणायचे, एवढे कडक, आणि तरी सकाळपासून चार वेळा ब्युरेट पुसून ठेवलं होतं. सकाळी चाचणी त्यांनीच केली, आकडा त्यांनीच काढला, पंचवीस पूर्णांक सहा, हाच. आणि तासाला तुम्हाला पुढे बोलावलं. तुम्ही तोटीला हात लावलात आणि वर्गात एवढी शांतता झाली की मला चंबूत पडणारा थेंब ऐकू यायला लागला. थेंब, थेंब, थेंब. डोळा रेघेच्या समोर, मान वाकडी करून, जीभ दातात धरून. बरोबर आकड्यावर तोटी बंद केलीत. सरांनी फळ्यावर लिहिलं, वळले, घोट घेतला.

आणि थांबले.

तुम्हाला आठवत असेल ते नाटक म्हणून. जरा जास्त वेळ थांबले, वाटलं असेल, आज मुलीसाठी रंगवतायत. मी या बाजूला होतो. मला त्यांचा कान दिसत होता, मागचा, तो लाल झाला. पण मिशीवरून हात फिरला, आणि म्हणाले, ‘खारट.’ टाळ्या. तुम्ही तर बाकावर उड्या मारल्यात. पोरं गेल्यावर सर त्या कोपऱ्यातल्या सिंककडे गेले आणि नळाखाली तोंड धरून उभे राहिले, पाव तास, अर्धा तास, पुढचा तास बुडाला. चार दिवस थंड दुधावर होते. तुमच्या आईला सांगितलं, चहा गरम होता. आणि जिभेची चव गेली ती गेलीच, कायमची, आजही त्यांना मिठाची चव कळत नाही, म्हणून सांगतो, तोंडाला लावू नका.

त्या सिंकपाशी मला काय म्हणाले माहितीये? तोंडातून शब्द नीट फुटत नव्हता, जीभ पिठाची झालेली. म्हणाले, पोरीचा हात हलला असेल. तिला सांगू नकोस. कधीच सांगू नकोस.

…

हं. मला हे सांगायचं नव्हतं. आकडा चुकीचा आहे एवढंच सांगणार होतो, आणि तोंड सुटलं की मला तोटी नाही, हे सगळी शाळा जाणते. पाणी हवंय? हे घ्या, हे साधं आहे, मी शपथेवर—बरं, शपथ नको. साधं आहे.

त्यानंतर कधी तुमच्या हातात ब्युरेट दिलं त्यांनी? नाही ना. मला माहितीये. दहावीला तुम्ही पुढे यायला निघालात आणि म्हणाले, तू वही लिही, तुझं अक्षर चांगलं आहे. घरी काही मोजायचं असलं की म्हणायचे, राहू दे, मी बघतो. बारावीनंतर तुम्ही रसायनशास्त्र घेतलंत तेव्हा मला विचारलं होतं, हाताचं काम जमेल का रे तिला? मी म्हटलं, सर, जमेल. एवढंच म्हटलं. हेही आधीच सांगून टाकायला हवं होतं—पण ऐक, पोरी, ऐक नीट, आता मी बाई-बिई म्हणणार नाही—तुझा हात हलला नव्हता.

हलला नव्हता. पोरं गेली, सर नळाखाली होते, आणि मी ब्युरेट बघितलं. कॉस्टिक बरोबर पंचवीस पूर्णांक सहाच्या रेघेवर होतं. केसभर वर नाही, केसभर खाली नाही. मग मला वाटलं आपलं माप चुकलं, मी माझ्याच द्रावणावर संशय घेतला, जे मी आयुष्यात कधी केलं नाही, आणि दार लावून चाचणी केली, गुलाबी थेंब टाकून. चोवीस पूर्णांक चारला गुलाबी. पुन्हा केली, चोवीस पूर्णांक चार. तिसऱ्यांदा केली. तू त्यांच्या आकड्यावर बरोबर थांबलीस, म्हणून एक मिलीहून जास्त कॉस्टिक चंबूत उरलं. आकडाच चुकला होता.

कसा? तेच तर. सर चष्मा लावायचे नाहीत वर्गात. चष्मा म्हणजे म्हातारपण. बारीक रेघा त्यांना धूसर, नीट फक्त जाड रेघ दिसायची, आकडा छापलेली. पातळी पंचवीसच्या जाड रेघेच्या सहा बारीक रेघा वर, म्हणजे चोवीस पूर्णांक चार, कारण ब्युरेट वरून खाली वाचायचं असतं, शून्य वर असतो. पण सर पंचवीसची जाड रेघ पकडायचे आणि तिथून वर बोटाने चाचपल्यासारखं मोजायचे—एक, दोन, तीन, चार, पाच, सहा—पंचवीस पूर्णांक सहा. सगळ्या वर्गाला दर वर्षी ओरडून सांगणारा माणूस, की गाढवांनो वरून खाली वाचा.

मग इतकी वर्षं कसे नाही भाजले, विचार ना. कारण सकाळी वाचताना उलटं वाचायचे आणि वर्गात सोडताना पण उलटंच वाचायचे. पंचवीसची जाड रेघ शोधायची, तिच्या वर सहा, तिथे तोटी बंद. म्हणजे चोवीस पूर्णांक चारलाच बंद. चुकीचं वाचून चुकीच्या ठिकाणी थांबायचे आणि ते बरोबर निघायचं. दोन चुका एकमेकींना पुसून टाकत होत्या, शिल्लक शून्य, निव्वळ मीठ. आणि मधेच एका वर्षी बरोबर वाचणारा माणूस आला, नववी ब, दोन वेण्या, आणि सगळं फसलं.

सांगितलं का नाही? कुणाला, सरांना? पोरी, मी तिसऱ्यांदा दहावीला बसलो होतो तेव्हा मला रविवारी घरी बोलावून शिकवणारा तो माणूस, तरी मी नापास झालो आणि त्याने मला इथे चिकटवलं. त्याला मी सांगू, सर तुम्हाला ब्युरेट वाचता येत नाही? दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्युरेटला हात लावला नसता. माझी खात्री आहे. तर मी एक केलं. दोन चुका दर वर्षी इमानदारीने एकमेकींना पुसतील याचा मला भरवसा नव्हता, उद्या यांनी चष्मा लावला म्हणजे? म्हणून पुढच्या वर्षापासून टेबलाखाली दुसरा चंबू. पाणी आणि माझ्या घरचं एक चमचा मीठ. बायकोने विचारलं, दर वर्षी याच दिवशी पुडीत मीठ बांधून कुठे नेता, कुणाला नजर लागलीये? सर फळ्याकडे वळले की मी इकडचा चंबू खाली आणि खालचा वर. आठ वर्षं, त्यांच्या निवृत्तीपर्यंत. कुणाला काही दिसलं नाही, कारण मी त्याच वेळी आम्लाची आणि अमोनियाची बाटली उघडून शेजारी ठेवायचो, दोघांची वाफ भेटली की पांढराशुभ्र धूर, नवसागराचा, माझं टोपणनावच पडलं त्यावरून—

बरं, धूर एकदाच केला. आणि खोकला मलाच आला. टोपणनाव मात्र राहिलं. बाकीची सात वर्षं धूर-बिर काही नाही, चाळीस पोरं डोळे फाडून बघत असायची. आठ वर्षं, चाळीस-चाळीस पोरं, म्हणजे तीनशे वीस, आणि त्यांतल्या एकानेही तोंड उघडलं नाही. ज्या पोरांनी हेडबाईंच्या खुर्चीला डिंक लावणाऱ्याचं नाव दोन मिनिटांत सांगितलं, ती पोरं. मी चंबू वर ठेवायचो, मागच्या बाकावरचा दांडगट माझ्याकडे बघून मान हलवायचा, सर वळायचे, घोट, ‘खारट’, आणि टाळ्या आधीपेक्षा मोठ्या.

आणि सर? मला वाटायचं सरांना कळत नाही. तिसऱ्या का चौथ्या वर्षी तास संपल्यावर चंबू धुताना म्हणाले, पुढच्या वर्षी मीठ अर्धा चमचा कमी टाक. बस. वर बघितलं नाही, काही नाही. त्यानंतर दर वर्षी फळ्यावर सावकाश लिहायला लागले. शेवटच्या वर्षी तर एवढं सावकाश, एकेका अक्षराला उभं करून, की मी तेवढ्यात आठ चंबू बदलले असते.

काय? …काय म्हणालीस?

मीठ जास्त झाल्याचं कसं कळलं. चव गेलेल्या माणसाला.

वडिलांवर गेलीयेस, चूक सापडली की सोडायची नाही. ठीक आहे, पकडलंस. चव गेली ते मी घातलं. चव चांगली शाबूत आहे, परवा माझ्याकडे जेवले आणि माझ्या बायकोला तोंडावर म्हणाले, मीठ तुमच्या नवऱ्याच्या हातचं दिसतंय. तुला घाबरवायला घातलं, म्हटलं नुसतं भाजण्याने ही ऐकणार नाही. तेवढंच खोटं. आणि धुराचं. आणि अर्धा तास नळाखाली म्हटलं ते दहा मिनिटं असेल. पण थंड दूध खरं आहे, लाल कान खरा आहे, आणि तुझा हात रेघेवर होता हे तर—इकडे ये, या कपाटाच्या दाराची आतली बाजू बघ. पेन्सिलीने. वर्ष, खाली चोवीस-चार. वर्ष, चोवीस-चार. वर्ष, चोवीस-पाच, तेव्हा बरणी नवीन होती. ही पहिली ओळ तुझ्या वर्षाची. पुढे काय लिहिलंय वाच. वाचता येत नाही? माझं अक्षर आहे, बरोबर. ‘मुलीचा हात स्थिर.’ कुणाला दाखवायला लिहिलं नव्हतं. कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं, एवढंच.

काय करतेस? पुन्हा भरतेस ब्युरेट? बरं. बरं, हे घे थेंब, तीन बस्स. मी घड्याळ बघतो. सोड… सोड… आता हळू. …थांब. गुलाबी. वाच. मला नको सांगूस, मला माहितीये, तू तुझ्यासाठी वाच.

हं.

ती चिठ्ठी काढू नको आता. राहू दे तिथेच, त्यांना लांबून दिसली पाहिजे. त्यांना कधी सांगायचं तुझ्या हाताचं, ते तू ठरव, आज की घरी की कधी, माझं काम बाटल्यांचं. पण तोंडाला लावायचं नाही ते नाहीच, चोवीस-चार असो नाही तर आणखी काही, बाजारातल्या आम्लात आणखी काय काय असतं देवाला ठाऊक. आठ वर्षं सरांनी माझ्या स्वयंपाकघरातलं मीठ प्यायलंय, तुझं काय जातंय.

घंटा झाली. सरांची काठी ऐकतेस ना जिन्यात? तिसऱ्या पायरीवर थांबतात, दम लागला असं दाखवायचं नसतं म्हणून. अरे, शांत बसा रे, बाक सरकवू नका. या सर, या, इथे पहिल्या बाकावर, समोर. नाही सर, चाचणी कशाला, तुमचा आकडा आहे ना. लावलाय, स्टँडला लावलाय.

चला बाई. तोटी सोडा, आणि झालं की फळ्याकडे वळा. समीकरण जरा सावकाश लिहा.